किरणोत्सारी पाण्यातले उपाशी जिवाणू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञान दिनाला एका कॉलेजात मी या विषयावर तासभर बोललो आणि तेव्हापासून प्रश्न यायचे थांबलेच नाहीत, मेसेजवर, फोनवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकांनी भात कालवता कालवता विचारलं. तेच तेच परत टाइप करण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतोय. सोपे प्रश्न आधी घेतलेत, अडचणीचे शेवटी. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. तुम्ही नेमकं कुठल्या पाण्याबद्दल बोलताय? अणुभट्टीत पाणी कशाला लागतं?

मुख्यतः वापरलेल्या इंधनाच्या तलावांबद्दल. अणुभट्टीतून युरेनियमच्या कांड्या काढल्या की त्या प्रचंड किरणोत्सारी असतात आणि वर गरमही असतात, म्हणजे भट्टी बंद केली तरी त्यातून उष्णता निघतच राहते, त्यामुळे त्या काही वर्षं पाण्याखाली ठेवाव्या लागतात. तलाव साधारण १२ मीटर खोल असतो, तळाशी कांड्या उभ्या आणि त्यांच्यावर सहा-सात मीटर पाणी. ते पाणी थंडही ठेवतं आणि किरणंही अडवतं.

आता हे पाणी साधं नळाचं चालत नाही. त्यातले क्षार, क्लोराइड सगळं काढून टाकलेलं असतं, नाहीतर धातू गंजतो. म्हणजे रेडिएशन आहे, आणि खायला जवळजवळ काहीच नाही. तरी तिथे जिवाणू सापडतात. अमेरिकेत सव्हाना रिव्हर, स्पेनमध्ये कोफ्रेन्तेस, इंग्लंडमध्ये सेलाफिल्ड, आपल्याकडे कल्पक्कम, जिथे जिथे कुणी नीट शोधलं तिथे तिथे सापडलेत.

२. इतकं रेडिएशन असताना ते मरत कसे नाहीत?

सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न, आणि याचं उत्तर ऐकून लोक थोडे हिरमुसतात. कारण तलावातल्या बहुतेक जिवाणूंपर्यंत तेवढं रेडिएशन पोचतच नाही.

पाणी किरणं फार छान अडवतं. गॅमा किरणांची तीव्रता साधारण दर ८-१० सेंटीमीटर पाण्यामागे अर्धी होते, म्हणजे एक मीटर लांब गेलात की हजारावा भाग उरतो, दोन मीटरवर दहा लाखावा. ताज्या काढलेल्या कांडीला कुणी हात लावला तर काही सेकंदांत जीवघेणा डोस मिळेल, पण त्याच तलावाच्या काठावर माणसं रोज उभी राहून काम करतात. जिवाणू भिंतीला, पाइपला, वरच्या पाण्यात, फिल्टरमध्ये असतात. त्यांच्यापर्यंत जे पोचतं ते आपल्यापेक्षा जास्त असेल, पण जिवाणूच्या हिशोबाने ते सोसण्यासारखं असतं (हिशोब प्रश्न ३ मध्ये).

म्हणून मी सगळ्यांना सांगतो की या जिवाणूंची खरी कमाल रेडिएशन सोसण्यात नाहीये, उपाशी राहण्यात आहे. बातम्यांमध्ये नेहमी रेडिएशनचंच शीर्षक होतं आणि भुकेचा भाग राहून जातो, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं कारण विज्ञान सगळं तिथेच आहे.

३. 'ग्रे' म्हणजे किती? आकडा ऐकून काही कळत नाही.

बरोबर आहे, म्हणून ओळखीच्या गोष्टींवरून सांगतो. ग्रे हे शरीरात किंवा पदार्थात किती किरण-ऊर्जा मुरली त्याचं माप.

४-५ ग्रे सगळ्या अंगाला एकदम लागले आणि उपचार मिळाले नाहीत तर साधारण निम्मी माणसं दगावतात. लासलगावला कांद्याला कोंब फुटू नये म्हणून किरणं देतात ते साधारण ६० ते ९० ग्रे. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला कमीत कमी ४०० ग्रे, कोयीतला किडा मारायला नाही तर त्याची पुढची पिढी होऊ नये म्हणून. मसाल्यांना ६,००० ते १४,००० ग्रे, कारण तिथे जिवाणूच मारायचे असतात. आणि सलाइनचे सेट, सिरिंज वगैरे पूर्ण निर्जंतुक करायला २५,००० ग्रे.

या यादीतच उत्तर आहे बघा. माणूस ५ ला जातो आणि जिवाणूंची खात्रीने वाट लावायला हजारो लागतात. आपल्या आतड्यातला साधा ई. कोलाय सुद्धा शंभर ग्रेला सहज तग धरतो. जीव जितका छोटा, साधा, तितका तो किरणांना दाद देत नाही, ढोबळमानाने.

४. म्हणजे हा तो डायनोकोकसच ना? गिनीज वाला?

नाही! निदान बहुतेक वेळा नाही.

डायनोकोकस रेडिओड्युरान्स, रेडिएशन सोसण्याबद्दल गिनीज बुकात नाव असलेला जिवाणू, १९५६ मध्ये अमेरिकेत ओरेगनला सापडला, आर्थर अँडरसन यांना, तोही अणुभट्टीत नाही तर मांसाच्या डब्यात. डबे किरणांनी निर्जंतुक करायचा प्रयोग चालू होता आणि इतका डोस देऊनही एक डबा नासला, त्यात हे गुलाबी-लाल जिवाणू. ५,००० ग्रेला त्याचं फारसं काही बिघडत नाही. त्याच्या डीएनएचे शेकडो तुकडे होतात आणि काही तासांत तो ते परत जोडून बसतो. त्याच्याकडे जनुकसंचाच्या अनेक प्रती असतात म्हणून एका प्रतीवरून दुसरी जुळवता येते, आणि त्याहून महत्त्वाचं, त्याच्या पेशीत मँगनीज भरपूर असतं, ते त्याच्या प्रथिनांना वाचवतं, म्हणजे दुरुस्ती करणारे कारागीर जिवंत राहतात. घर पडलं तरी गवंडी शाबूत असेल तर घर परत उभं राहतं, तसं.

पण मग याला हे जमायला लागलं कधी, पृथ्वीवर एवढं रेडिएशन तर कुठेच नव्हतं? सगळ्यात पटणारं उत्तर असं की ही तयारी कोरडं पडण्यासाठी होती. वाळून गेल्यावरही डीएनए असाच तुटतो. १९९६ मध्ये मॅटिमोर आणि बॅटिस्टा यांनी दाखवलं की या जिवाणूची किरण न सोसणारी बदललेली वाणं वाळवल्यावरही मरतात. म्हणजे दुष्काळासाठी शिकलेली विद्या रेडिएशनमध्ये कामाला आली.

तलावात मात्र पाण्यात, उपाशीपोटी राहायचंय. तिथे वेगळी मंडळी असतात, स्फिंगोमोनास, राल्स्टोनिया, हायड्रोजेनोफागा वगैरे.

५. त्या पाण्यात काहीच नाही म्हणता, मग खातात काय?

काहीच नाही असं पाणी जगात कुठेच नसतं. हवेतून धूळ पडते, माणसांच्या कपड्यांचे तंतू, त्वचेचा कोंडा, रंग, रबरी सील, पंपाचं तेल, शुद्धीकरणासाठी वापरतात त्या रेझिनचे बारीक कण, सगळ्यातून थोडा थोडा कार्बन झिरपतो. हे जिवाणू कोंड्याचा मांडा करणारे. त्यांच्या पेशी बारीक असतात (लहान पेशीला आकाराच्या मानाने जास्त पृष्ठभाग मिळतो म्हणजे जास्त ओढून घेता येतं), अन्न ओढायची प्रथिनं फार तीक्ष्ण असतात, आणि घाई अजिबात नसते. कॉलेजच्या प्रयोगात आपण वीस मिनिटाला दुप्पट होणारा जिवाणू शिकतो, इथे एकेका पेशीला दुप्पट व्हायला दिवस लागू शकतात आणि त्यांचं काही अडत नाही.

एक मेला की दुसरा त्याला खातो हाही मोठा हिशोब आहे. मेलेल्या पेशीतला फॉस्फरस, नायट्रोजन वाया जात नाही.

आणि आता मला सगळ्यात आवडणारा भाग. किरणं पाण्यावर आपटली की पाण्याचा रेणू फुटतो आणि त्यातून हायड्रोजन तयार होतो, सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड आणि इतर दाहक तुकडे. हायड्रोजन हे काही जिवाणूंचं सरळ सरळ जेवण आहे. सेलाफिल्डच्या एका बंदिस्त तलावाचं पाणी ३० महिने तपासलं आणि त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, त्यात हायड्रोजेनोफागा सगळ्यात जास्त दिसणाऱ्यांपैकी एक होता. नावातच आहे, हायड्रोजन खाणारा. ते पाणी मुद्दाम खूप अल्कलीयुक्त ठेवलेलं, पोषण नाही, वर किरणोत्सारी, आणि तरी एका मिलिलिटरमध्ये दहा हजार ते दहा लाख जिवाणू! म्हणजे जे रेडिएशन मारेल असं आपण म्हणतो त्यानेच बहुधा त्यांची चूल पेटवलेली आहे.

६. रेडिएशनमुळे बनलेल्या हायड्रोजनवर जगणारं निसर्गात, माणसाने न बनवलेलं, असं काही आहे का?

आहे आणि ते ऐकून अंगावर काटा येतो. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ म्पोनेंग नावाची सोन्याची खाण आहे, तिथे २.८ किलोमीटर खोल खडकाच्या भेगेतल्या पाण्यात एक जिवाणू सापडला, डेसल्फोरुडिस ऑडॅक्सव्हिएटर. २००८ मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्या पाण्यातल्या डीएनएपैकी ९९.९ टक्क्यांहून जास्त या एकाच जातीचा होता, म्हणजे सगळी परिसंस्था एकट्याची. सूर्यप्रकाश नाही, ऑक्सिजन नाही, वरून काही येत नाही. खडकातलं युरेनियम किरणं टाकतं, पाणी फुटतं, हायड्रोजन मिळतो, आणि श्वास घ्यायला ऑक्सिजनऐवजी सल्फेट. कार्बन आणि नायट्रोजन सुद्धा तो स्वतः पकडू शकतो.

मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री बराच वेळ झोप लागली नव्हती. मंगळाच्या किंवा युरोपा या गुरूच्या चंद्राच्या पोटात जीव असू शकतो असं म्हणणारे शास्त्रज्ञ याच खाणीकडे बोट दाखवतात.

७. इतकं फिल्टर केलेलं पाणी, मग जिवाणू येतात कुठून?

पाण्याबरोबरच येतात. शुद्ध पाणी बनवणारी यंत्रणाच त्यांचं माहेर आहे. रेझिनच्या टाक्या, पाइपांचे कोपरे, साठवणीच्या टाक्या. सेलाफिल्डला तलावात पाणी सोडणारी टाकीही तपासली होती आणि तिच्यातही जिवाणू होतेच. बाकी हवेतून, माणसांवरून, हत्यारांवरून.

आमच्या लॅबमध्ये डिस्टिल्ड वॉटरचा एक कॅन होता, वर्षानुवर्षं धुतला नव्हता, एकदा आतून बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं. डिस्टिल्ड पाण्यात! चिप बनवणाऱ्या कारखान्यांत पाणी याहून कितीतरी शुद्ध लागतं आणि तिथेही राल्स्टोनिया पिकेटी त्रास देतो. शुद्ध म्हणजे निर्जंतुक नव्हे, हे दोन शब्द आपण उगाच एक करतो.

८. बायोफिल्म म्हणजे काय? सगळीकडे हा शब्द येतो.

माठ आठवडाभर घासला नाही की आतून जो बुळबुळीत थर येतो तो. जिवाणू भिंतीला चिकटतात, आपल्याभोवती साखरेचा चिकट गोळा करतात आणि त्यात वस्ती करतात. उपाशी पाण्यात हे फार शहाणपणाचं आहे, कारण पाणी वाहत राहतं आणि जे काही थोडंफार अन्न त्यात आहे ते येता जाता थराला अडकतं, थेंबे थेंबे तळे साचे. शिवाय पेरॉक्साइड वगैरे आतपर्यंत पोचत नाही.

त्यामुळे पाणी तपासून जिवाणू कमी आले म्हणून खूश होऊ नये, खरी गर्दी भिंतीवर असते.

९. मग धोका काय आहे? लोकांना आजार होईल का?

आजाराचं म्हणाल तर हे बहुतेक मातीतले, पाण्यातले साधे जिवाणू आहेत आणि ते पाणी कुणी पीत नाही. राल्स्टोनियासारखे काही जण हॉस्पिटलात फार अशक्त पेशंटला त्रास देतात, पण ती हॉस्पिटलच्या पाण्याची गोष्ट आहे, तलावाची नाही.

खरी काळजी दोन गोष्टींची. एक गंज. बायोफिल्मखाली ऑक्सिजन कमी, आम्ल जास्त, असं वेगळंच हवामान तयार होतं आणि स्टेनलेस स्टील सुद्धा तिथे खड्डे पडून खराब होऊ शकतं, विशेषतः वेल्डिंगच्या जागी. कांड्यांना वर्षानुवर्षं तिथे राहायचं असतं म्हणून हे गंभीरपणे घेतात. दुसरी काळजी दिसण्याची. सगळं काम वरून, कॅमेऱ्याने, लांब दांड्याच्या हत्यारांनी होतं. पाणी गढूळ झालं की काम थांबलं. २०११ मध्ये सव्हाना रिव्हरच्या तलावात इंधनावर पांढरं, कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसलं होतं, त्यावरून किती चौकशी झाली ते त्या वेळच्या बातम्यांत आहे.

१०. क्लोरीन टाकून मारून का टाकत नाहीत? आमच्या सोसायटीच्या टाकीत टाकतात तसं.

सोसायटीची टाकी प्लास्टिकची नाहीतर सिमेंटची असते. इथे क्लोरीन टाकला की क्लोराइड उरतं आणि क्लोराइड म्हणजे स्टेनलेस स्टीलचा वैरी, म्हणजे जिवाणू मारायला जाऊन तलावच खराब करायचा. कुठलंही रसायन टाकलं की ते शेवटी किरणोत्सारी कचऱ्यात जातं हेही बघावं लागतं.

म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड बरं पडतं, त्याचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजनच होतं. थ्री माइल आयलंडला १९७९ मध्ये अपघात झाला ते माहीत असेल, पण पुढची गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. १९८६ च्या सुमाराला वितळलेलं इंधन काढायचं काम चालू होतं आणि भट्टीतल्या पाण्यात सूक्ष्मजीव इतके वाढले की खाली काही दिसेना. अर्धवट वितळलेल्या अणुभट्टीच्या भांड्यात! शेवटी पेरॉक्साइड वापरून आणि गाळून पाणी स्वच्छ करावं लागलं.

याशिवाय अतिनील दिवे, बारीक फिल्टर, पाणी फिरतं ठेवणं, धूळ कमी करणं. पूर्ण मारणं कुणाला जमलेलं नाही, संख्या आटोक्यात ठेवतात.

११. शेवाळ पण वाढतं का? त्याला तर ऊन लागतं.

प्रकाश मिळाला की वाढतं. सेलाफिल्डचा एक जुना तलाव उघड्यावर आहे, वर आकाश, त्यामुळे तिथे उन्हाळ्यात पाणी हिरवं होण्याचे प्रकार झालेत. तिथून स्युडॅनाबीना कॅटेनाटा नावाचा सायनोबॅक्टेरिया (शेवाळासारखा उजेडावर जगणारा जिवाणू) वेगळा काढून त्याच्यावर रेडिएशनचे प्रयोग केलेत. बंदिस्त तलावात दिव्यांच्या उजेडावर सुद्धा थोडंफार भागतं.

पण शेवाळातला खरा पैलवान फ्रान्समधला. ग्रेनोबलच्या संशोधन अणुभट्टीच्या तलावात एक छोटं हिरवं शेवाळ मिळालं, कोकोमिक्सा अ‍ॅक्टिनॅबायोटिस, ते २०,००० ग्रेपर्यंत सोसतं असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. प्रश्न ३ मधली यादी परत बघा, मसाल्याच्या डोसपेक्षा जास्त! आणि ते युरेनियम, सिझियम, कोबाल्ट, चांदी असे धातू पाण्यातून ओढून घेतं. म्हणजे प्रश्न २ मध्ये मी म्हटलं की बहुतेकांना खास ताकद लागत नाही, त्याला हा ठळक अपवाद.

१२. फुकुशिमाच्या पाण्यात सापडले ते कुठले? त्यांच्यात काही वेगळी ताकद होती का?

२०२४ मध्ये जपानच्या केइओ विद्यापीठाच्या लोकांनी दुसऱ्या नंबरच्या अणुभट्टीच्या तळघरातल्या, भट्टीखालच्या गोल टाकीच्या खोलीत साठलेल्या पाण्याचा अभ्यास छापला. एका लिटरला एक अब्ज बेकरेलच्या आसपास (म्हणजे दर सेकंदाला तेवढे अणू फुटतात) किरणोत्सार असलेलं पाणी. सगळ्यांना वाटलं डायनोकोकससारखं काहीतरी निघेल. निघाले ते लिम्नोबॅक्टर, ब्रेव्हिरहॅब्डस असे जिवाणू, गंधकाचे किंवा मँगनीजचे पदार्थ वापरून जगणारे, आणि त्यांची रेडिएशन सोसायची ताकद साधीच. त्सुनामीचं समुद्राचं पाणी आत शिरलं होतं त्याच्याशीही या जातींचं नातं जुळतं. मात्र त्यातले पुष्कळ जण धातू गंजवणाऱ्या गटातले आहेत, आणि तिथे पुढची अनेक वर्षं पाण्याखाली साफसफाईचं काम चालणार आहे, म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवायला हवं असं त्या लोकांचं म्हणणं आहे. मला हे पूर्ण पटतं.

१३. यांचा काही उपयोग करून घेता येतो का?

येतो, आणि इथे आपल्या लोकांचं काम आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सोपी कल्पना अशी की बायोफिल्म (प्रश्न ८) धातूचे अणू धरून ठेवते, तर तिलाच फिल्टर म्हणून वापरावं. स्पेनच्या कोफ्रेन्तेसला तलावाच्या पाण्यात स्टेनलेस स्टील आणि टायटॅनियम ठेवून त्यावर बायोफिल्म वाढू दिली, तिने किरणोत्सारी कोबाल्ट-६० पकडला. मग थर खरवडून काढायचा, कचरा थोडक्या जागेत मावतो. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य (निम्मे अणू विरायला लागणारा काळ) साधारण ५.३ वर्षं, म्हणजे तो छोटा गोळा सांभाळायला सोपा. कल्पक्कमला बीएआरसीच्या (भाभा अणु संशोधन केंद्राच्या) शास्त्रज्ञांनी वापरलेल्या इंधनाच्या तलावातूनच जिवाणू वेगळे केले आणि त्यातले बायोफिल्म करणारे जिवाणू कोबाल्ट, निकेल किती ओढतात ते मोजलं.

दुसरं काम ट्रॉम्बेचं, आणि माझ्या मते फार सुंदर. डॉ. श्रीकुमार आपटे आणि सहकाऱ्यांनी टायफॉइडच्या जिवाणूतलं एक जनुक डायनोकोकसमध्ये बसवलं. त्या जनुकाचं एन्झाइम फॉस्फेट मोकळं करतं, फॉस्फेट पाण्यातल्या युरेनियमला धरतं आणि साका होऊन खाली बसतो. २००६ मध्ये त्यांनी छापलं की पातळ द्रावणातलं ९० टक्क्यांहून जास्त युरेनियम ६ तासांत खाली येतं, आणि जिवाणूला ६,००० ग्रे देऊनही त्याचं काम चालू राहतं. एकाची किरणं सोसायची ताकद आणि दुसऱ्याचं हत्यार.

तिसरं उदाहरण तलावाचं नाही, भूजलाचं. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या रायफल गावी जुन्या युरेनियम कारखान्याखालच्या पाण्यात अ‍ॅसिटेट सोडून जिओबॅक्टर वाढवला, तो विरघळलेल्या युरेनियमला इलेक्ट्रॉन देतो आणि ते न विरघळणारं होऊन जागीच बसतं. इथे उपाशी जिवाणूंना मुद्दाम खायला घालून कामाला लावलंय. अडचण अशी की खायला देणं थांबलं आणि ऑक्सिजन आला की युरेनियम परत विरघळू शकतं.

१४. असे जिवाणू स्वतः रेडिओअ‍ॅक्टिव्ह होतात का? आणि किरणं दिलेला आंबा?

यात दोन गोष्टींची गल्लत होते. गॅमा किरणं अंगावर पडली म्हणून कुणी किरणोत्सारी होत नाही, उन्हात बसल्यावर आपण काही उजेड देत नाही. त्यामुळे आंबा, कांदा, मसाला बिनधास्त खा. पण जिवाणूने कोबाल्ट-६० किंवा सिझियम-१३७ चे अणूच आत घेतले किंवा अंगाला चिकटवले तर तो किरणोत्सारी कण झाला, आणि तो पाण्याबरोबर पाइपमधून फिरतो, फिल्टरमध्ये साठतो, काठावर चिकटला तर तिथे डोस वाढतो. म्हणून बायोफिल्म कुठे वाढते याचा हिशोब ठेवावा लागतो.

१५. रेडिएशनने म्युटेशन होऊन सुपरबग तयार होईल का?

म्युटेशन होतात, हो. बहुतेक निरुपयोगी किंवा मारक असतात. मुद्दाम निवड केली तर मात्र बदल होतो, ई. कोलायला भरपूर डोस द्यायचा, जगले वाचले ते वाढवायचे, परत डोस, असं २० वेळा केल्यावर काही हजार ग्रे सोसणारी वाणं मिळाली, हा २००९ चा प्रयोग आहे. पण हे प्रयोगशाळेत, पोटभर खायला घालून. तलावात डोस कमी आणि वाढ इतकी हळू की तशी निवड व्हायला फारसा वाव नाही. आणि किरणं सोसणं वेगळं, आजार करणं वेगळं. उपाशी पाण्यासाठी घडलेला जिवाणू माणसाच्या ३७ डिग्रीच्या, अन्नाने भरलेल्या शरीरात बिचकतो, कित्येकांना तर प्लेटवर जास्त अन्न दिलं तरी ते वाढत नाहीत.

१६. मोजतात कसे? मी मायक्रोची स्टुडंट आहे, आम्ही न्यूट्रियंट अगारवर लावलं तर काहीच आलं नाही.

येणारच नाही! न्यूट्रियंट अगार, म्हणजे जिवाणू वाढवायचं ते पौष्टिक माध्यम, म्हणजे उपाशी माणसासमोर एकदम पुरणपोळीचं ताट. आर-टू-ए नावाचं पातळ माध्यम घे, ते पाण्यातल्या जिवाणूंसाठीच १९८५ मध्ये आलं, तापमान ३७ न ठेवता २०-२८ ठेव, आणि दोन दिवसात प्लेट टाकून देऊ नकोस, आठवडा तरी थांब, जमलं तर दोन. तरी बरेचसे प्लेटवर येतच नाहीत. सेलाफिल्डच्या त्या पाण्यातून सुद्धा फक्त मोजकेच जिवाणू वाढवता आले, बाकी सगळे डीएनएवरून ओळखले.

आता यातली खरी मेख. पाण्यात डीएनए अगदी थोडा असतो, आणि डीएनए काढायच्या किटमध्ये स्वतःचे जिवाणू-डीएनए मिसळलेले असतात. कुठले? राल्स्टोनिया, स्फिंगोमोनास, ब्रॅडिऱ्हायझोबियम, म्हणजे नेमके तेच जे शुद्ध पाण्यातही असतात, कारण किट बनवायलाही शुद्ध पाणीच वापरतात. २०१४ पासून यावर बरंच लिहून आलंय. म्हणून पाणी न घालता रिकामा नमुना सगळ्या पायऱ्यांमधून न्यायचा आणि त्यात जे येतं ते बाजूला काढायचं. रिकामा नमुना न लावलेला पेपर असेल तर मी त्यातल्या नावांवर विश्वास ठेवत नाही, कितीही मोठ्या मासिकात असो. तुझ्या गाइडला हे आधीच सांगून ठेव.

१७. भट्टीच्या आत, चालू असताना, जिवाणू असतात का?

नाही. वीज बनवणाऱ्या चालू भट्टीत पाणी २८०-३०० डिग्रीच्या आसपास असतं आणि जीवाची आजवरची वरची हद्द १२२ डिग्री, तीही समुद्रतळाच्या गरम झऱ्यातल्या एका आर्कियाची (जिवाणूंसारखाच पण वेगळ्या गटातला सूक्ष्मजीव). तिथे उष्णताच मारते, रेडिएशनपर्यंत जायची गरज नाही. संशोधनाच्या भट्ट्या उघड्या, गार तलावात असतात, तिथलं गणित वेगळं (प्रश्न ११ मधलं ग्रेनोबल). थ्री माइल आयलंडचं भांडंही तेव्हा गार झालेलं होतं.

१८. आपल्या अप्सरात आणि तारापूरला आहेत का?

अप्सरा ४ ऑगस्ट १९५६ ला ट्रॉम्बेला सुरू झाली, आशियातली पहिली, आणि ती तलावातलीच भट्टी होती. भट्टीभोवती पाण्यात दिसणाऱ्या निळ्या प्रकाशावरून नेहरूंनी तिचं नाव अप्सरा ठेवलं असं सांगतात. ती २००९ मध्ये बंद झाली आणि २०१८ मध्ये त्याच जागी अप्सरा-यू सुरू झाली. तारापूरला १९६९ पासून वीज बनते आणि तिथे वापरलेलं इंधन पाण्याखाली साठवतात. या ठिकाणच्या जिवाणूंची नावं मी देणार नाही, आपल्याकडचं जे काम मी वाचलंय ते कल्पक्कमचं, ते प्रश्न १३ मध्ये आलंय.

१९. चेर्नोबिलची काळी बुरशी रेडिएशन खाते म्हणे, तेही यातच येतं का?

ती पाण्यातली नाही, भिंतीवरची, पण विचारतात फार म्हणून लिहितो. त्या बुरशीत मेलॅनिन असतं, आपल्या त्वचेत असतं तेच. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या दादाचोवा आणि कासादेवाल यांच्या गटाने दाखवलं की किरणांत मेलॅनिनचे गुण बदलतात आणि अशा बुरशा थोड्या जास्त वाढतात. पण वनस्पती जसं उजेडातून अन्न बनवतात तसं ही बुरशी गॅमा किरणांतून बनवते हे अजून सिद्ध झालेलं नाही, मधल्या पायऱ्या कुणी दाखवलेल्या नाहीत. हायड्रोजनवाल्या जिवाणूंची (प्रश्न ५ आणि ६) गोष्ट वेगळी आहे, तिथे किरणं पाणी फोडतात आणि जिवाणू त्यातून निघालेला वायू खातो, प्रत्येक पायरी कळलेली आहे.

२०. जड पाण्यात जीव राहू शकतो का? आपल्या बऱ्याच भट्ट्या जड पाण्याच्या आहेत ना?

हा एका निवृत्त सरांचा प्रश्न, आणि छान आहे. जड पाण्यात हायड्रोजनऐवजी त्याचा दुप्पट वजनाचा भाऊ ड्युटेरियम असतो, त्यामुळे पेशीतल्या रासायनिक क्रिया मंदावतात. प्राणी फार सोसत नाहीत, शरीरातलं बरंचसं पाणी बदललं की मरतात. पण सूक्ष्मजीव सवय लावली तर राहतात. १९६० च्या सुमाराला अमेरिकेतल्या आर्गोन प्रयोगशाळेत क्रेस्पी आणि कॅट्झ यांनी हिरवी शेवाळं जवळजवळ शुद्ध जड पाण्यात वाढवून दाखवली, ती आधी अडखळली, मग हळूहळू वाढायला लागली.

चालू भट्टीतल्या गरम जड पाण्याला प्रश्न १७ चं उत्तर लागू. बाकी जड पाणी इतकं महाग असतं की ते बंद नळ्यांमध्ये, हवेशी संबंध न येऊ देता, सतत शुद्ध करत फिरवतात, धूळ नाही, उघडा काठ नाही, म्हणजे प्रश्न ५ मधली उपाशी माणसाची शिदोरीच बंद. शिवाय वापरलेल्या कांड्या शेवटी जातात त्या साध्या पाण्याच्या तलावातच, आणि तिथे आपली ही मंडळी आधीपासून भिंतीला चिकटून बसलेली असतात.